पोटातली चौदा इंजेक्शनं आणि आपल्यावरच उलटलेल्या पेशी

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली ती इथं पुरी केली आहेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

मी कोरेगाव भीमाचा. इतिहासाच्या पॉडकास्टवर आमच्या गावाचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला १ जानेवारी १८१८ आठवतं, आणि ते साहजिकच आहे. पण आजचा इतिहास लढाईचा नाही. आज कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनांबद्दल बोलायचंय. नगर रोडच्या दोन्ही बाजूंच्या कुठल्याही गावात साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, "पूर्वी कुत्रं चावलं की काय करायचे?" उत्तर ठरलेलं: जखमेत मिरची नाहीतर चुना भरायचा, आणि फारच झालं तर पोटात, बेंबीभोवती, चौदा इंजेक्शनं. हे 'चौदा' सांगताना माणसाचा हात आपोआप पोटावर जातो.

त्या इंजेक्शनांची धास्ती एवढी होती की लोक ती टाळायचे. शिकलेली माणसं त्यावर हसायची, सुईला घाबरतात म्हणायची. पण त्या सुईत दुखण्याशिवाय आणखी एक धोका होता. तो खरा होता आणि शास्त्रज्ञांना तो फार आधीपासून ठाऊक होता. इतकंच नाही, तर शरीरातल्या रक्षक पेशी शरीरावरच कशा उलटतात, म्हणजे ज्याला आज ऑटोइम्यून आजार म्हणतात, त्याच्या अभ्यासाची एक मोठी वाट या इंजेक्शनांपासूनच निघाली. ती वाट कुठून कुठं गेली आणि आपल्यापर्यंत परत यायला तिला किती वर्षं लागली, तेच आज सांगतो.

लशीत मेंदू कशासाठी?

सुरुवात पॅरिसमध्ये. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चर यांच्याकडं जोसेफ माइस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आणला गेला. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे लचके तोडले होते. रेबीजचा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो. पाश्चर तो सशांमध्ये वाढवायचे आणि सशाचा मज्जारज्जू बाटलीत टांगून वाळवायचे. जितके दिवस वाळवाल तितकं विष कमी. आधी जास्त वाळवलेला, मग रोज थोडा ताजा, अशी तेरा इंजेक्शनं त्या मुलाला दिली. मुलगा वाचला.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी विषाणू काचेच्या भांड्यात वाढवता येत नव्हते. रेबीजची लस हवी तर कुठल्यातरी प्राण्याचा मेंदू किंवा मज्जारज्जू लागणारच. म्हणजे माणसाला विषाणू टोचताना त्याच्याबरोबर प्राण्याच्या मेंदूचा लगदाही टोचला जात होता.

भारतात त्या काळी एखाद्या गोऱ्या सोल्जराला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर त्याला थेट पॅरिसला पाठवायचे. बोटीनं जायला आठवडे लागायचे. म्हणून १९०० साली हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात, कसौलीला, पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल. सेंपल यांनी १९११ साली आपली पद्धत मांडली. विषाणू प्राण्याच्या मेंदूत वाढवायचा, मेंदू वाटून त्याचं पाणी करायचं आणि फिनॉल घालून विषाणू पूर्ण मारायचा. पुढं या लशीसाठी मेंढीचा मेंदू सगळीकडं रुळला. एका मेंदूत भरपूर डोस व्हायचे, माल स्वस्त, आणि जिवंत विषाणूची भीती नाही. सेंपलची लस भारतभर पसरली आणि पुढं जगातल्या कितीतरी देशांत गेली. आपल्या महाराष्ट्रात ती परळच्या हाफकिनमध्ये तयार व्हायची. जखम किती गंभीर त्यावरून सात ते चौदा दिवस, रोज एक सुई. औषध मिलिलिटरनं मोजावं इतकं, म्हणून जिथं कातडी सैल असते तिथं, पोटावर.

एक गोष्ट सरळ सांगतो. या लशीनं असंख्य माणसं वाचवली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. म्हणून डॉक्टरांनी ती का दिली, हा प्रश्न नाही. प्रश्न पुढचा आहे.

काहींचे पाय जायचे

लस सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांत काही जणांना ताप यायचा, डोकं दुखायचं, मग पायातली शक्ती जायची. लघवी अडायची. काही जण पुरते लुळे पडायचे. काही हळूहळू बरे व्हायचे, काहींना अपंगत्व राहायचं, काही दगावायचे. पाश्चर यांच्या काळापासून असे रुग्ण दिसत होते. प्रमाण किती? देशोदेशीचे आकडे वेगळे. काही ठिकाणी काहीशे माणसांत एक, काही ठिकाणी काही हजारांत एक.

डॉक्टरपुढचं कोडं बघा. चावलेल्या माणसाला लकवा झाला, तर तो रेबीजचाच लकवा की लशीचा? रेबीजचा असेल तर खेळ संपला. लशीचा असेल तर पुढची सुई थांबवायला हवी. पण थांबवली आणि कुत्रं खरंच पिसाळलेलं असलं तर? हा निर्णय सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर, रुग्णाच्या बायकापोरांसमोर घ्यावा लागायचा.

बरेच दिवस शास्त्रज्ञांना वाटायचं की लशीतला विषाणू पुरता मेला नसेल, तोच हे करत असेल. दुसरा संशय मेंदूच्या लगद्यावर होता. विषाणू की लगदा, हे माणसावर तपासता येणार नव्हतं.

माकडं काय सांगून गेली

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स नावाचे विषाणूतज्ज्ञ होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला. लशीतून विषाणू काढून टाकला आणि नुसता निरोगी मेंदू टोचला तर? त्यांनी सशाच्या मेंदूचा अर्क माकडांना पुन्हा पुन्हा टोचला. १९३३ साली आठपैकी दोन माकडांना आजार झाला. १९३५ साली फ्रान्सिस श्वेंटकर यांच्याबरोबर हाच प्रयोग जास्त चिकाटीनं केला. इंजेक्शनं महिनोन्‌महिने चालू ठेवली, तेव्हा आठपैकी सात माकडांच्या मेंदूत बिघाड सापडला. विषाणूचा मागमूसही नव्हता.

मेंदूत काय बिघडलं होतं, ते समजून घेऊ. विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांपुढं आणा. आत तांब्याची तार, वर प्लास्टिकचं आवरण. आपल्या मज्जातंतूंवरही असंच चरबीयुक्त आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. केबलचं आवरण उंदरानं कुरतडलं की तार शाबूत असूनही करंट नीट जात नाही. त्या माकडांच्या मेंदूत जागोजागी मायलिन कुरतडलं गेलं होतं आणि तिथं पांढऱ्या पेशींची गर्दी होती. उंदीर कोण, तर शरीराच्या स्वतःच्या रक्षक पेशी.

हे पचवणं शास्त्रालाही जड गेलं, कारण त्याआधीची शिकवण वेगळी होती. इथं जरा मागं जाऊ. रक्षक पेशी कामाला लागलेल्या पहिल्यांदा नीट पाहिल्या त्या इल्या मेचनिकॉफ यांनी, १८८२ साली, इटलीतल्या मेसिना गावी. ताऱ्याच्या आकाराचा जो समुद्री जीव असतो, त्याच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा खुपसला आणि काट्याभोवती पेशी गोळा होताना बघितल्या. हेच मेचनिकॉफ आपल्या हाफकिनचे गुरू. ज्या हाफकिननं १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि ज्याच्या नावानं परळची संस्था आहे. मेचनिकॉफ यांच्याबरोबर १९०८ चं नोबेल विभागून मिळालं ते पाउल एरलिख यांना. एरलिख यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचून पाहिलं होतं. परक्या रक्ताविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्यं तयार झाली, स्वतःच्या रक्ताविरुद्ध झाली नाहीत. त्यावरून त्यांनी म्हटलं की शरीराला स्वतःवर हल्ला करण्याची जणू धास्तीच असते. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की असं घडूच शकत नाही. पुढची कित्येक वर्षं हा समज घट्ट बसला होता.

रिव्हर्स यांच्या माकडांनी त्याला तडा दिला. तरी एक पळवाट उरली होती: माकडाला सशाचा मेंदू टोचला, तो परकाच होता ना? एल्विन कॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी तीही बंद केली. ज्यूल्स फ्रॉइंड यांनी मेलेले क्षयजंतू तेलात घोटून एक मिश्रण बनवलं होतं. ते बरोबर टोचलं की रक्षक पेशी खडबडून जाग्या होतात. त्यामुळं महिनोन्‌महिन्यांचा प्रयोग काही आठवड्यांवर आला. आणि मग त्यांनी माकडाच्या स्वतःच्याच मेंदूचा छोटा तुकडा काढून तो त्याच माकडाला टोचला. तरी आजार झाला. आता परकं म्हणायला काहीच उरलं नाही.

या सगळ्यात आपला आणखी एक संबंध आहे. कॅबट यांचे प्रयोग ऱ्हिसस माकडांवर झाले. त्या काळात अमेरिकेच्या प्रयोगशाळांत जाणारी ऱ्हिसस माकडं मुख्यतः भारतातून जायची. १९७८ साली भारतानं ही निर्यात बंद केली. म्हणजे ज्या लशीचं कोडं होतं तिची पद्धत कसौलीतली, आणि कोडं सोडवायला जी जनावरं लागली तीही बहुतेक इथलीच.

उंदरांपासून औषधांपर्यंत

या बनवलेल्या आजाराला आता ईएई म्हणतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस या माणसाच्या आजाराशी त्याचं बरंच साम्य होतं. एमएसमध्येही मायलिन झडतं, दृष्टी अधू होते, पाय साथ सोडतात. तो युरोप-अमेरिकेत जास्त दिसतो. म्हणून तिकडं हा प्रयोग माकडांवरून गिनिपिग, उंदीर आणि पांढऱ्या छोट्या उंदरांवर आला आणि हजारो प्रयोगशाळांत रुजला.

१९६० साली फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदराच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी निरोगी उंदरात घातल्या, तर तोही आजारी पडला. म्हणजे आजार पेशींबरोबर जात होता. १९८१ साली इस्रायलमध्ये बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन यांनी गुन्हेगार आणखी नेमका पकडला. मायलिनमधलं एक प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशी वेगळ्या वाढवून उंदराला टोचल्या, तेवढ्यानं लकवा आला.

या टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तालीम घेतात. ज्या आपल्याच शरीरावर दात धरतात त्यांना तिथंच बाद केलं जातं. पण काही निसटतात. एरवी त्या झोपलेल्या असतात. मेंढीच्या मेंदूतलं मायलिन आपल्यासारखंच असतं. ते रोज पोटाच्या कातडीखाली टोचलं की या झोपलेल्यांपैकी काही जाग्या होतात, वाढतात आणि मेंदूकडं निघतात. सेंपल लशीचा लकवा तो हाच. १९८७ साली थायलंडमधल्या रुग्णांवरच्या अभ्यासात याला थेट पुरावा मिळाला. लशीनंतर आजारी पडलेल्यांच्या शरीरात मायलिनच्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली.

या उंदरांतून औषधंही निघाली. इस्रायलच्याच वाइझमन संस्थेत मायलिनच्या प्रथिनासारखं एक कृत्रिम रसायन बनवलं होतं, ईएई निर्माण होतो का ते पाहायला. झालं उलटं, त्यानं आजार दाबला. तेच पुढं ग्लॅटिरामर, १९९६ साली अमेरिकेत मान्य झालेलं एमएसचं औषध. १९९२ साली उंदरांत दिसलं की रक्षक पेशींना रक्तातून मेंदूत शिरू दिलं नाही तर आजार रोखता येतो. त्यातून नॅटॅलिझुमॅब आलं.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं प्रथिन अडवलं की उंदरांचा ईएई कमी व्हायचा. १९९० च्या दशकात एमएसच्या रुग्णांवर तेच करून पाहिलं, तर त्यांचा आजार बळावला. गंमत म्हणजे टीएनएफ अडवणारी औषधं संधिवाताच्या रुग्णांना मात्र वरदान ठरली. त्यामुळं "उंदरांवर यशस्वी" अशी बातमी वाचली की मी ती बातमी एवढीच घेतो, औषध आलं असं धरत नाही.

मग इथं काय झालं?

आता हिशेब मांडू. मेंदूचा लगदाच दोषी आहे, हे १९३५ ला जवळजवळ स्पष्ट झालं होतं. चिलीत १९५५ साली फुएनसालिदा आणि पालासिओस यांनी ते ज्ञान थेट लशीला लावलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेंदूत मायलिन फारसं नसतं, म्हणून लस त्यात बनवली. दक्षिण अमेरिकेत ती चालली. १९७० च्या दशकात काचेच्या भांड्यातल्या पेशींवर वाढवलेली, मेंदूचा अंशही नसलेली लस आली. १९८४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की मेंदूपासूनच्या लशी बंद करा. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्सच्या डॉक्टरांनी इथल्या लशीनंतरच्या लकव्यावरचा आपला अभ्यास छापला. म्हणजे माहिती बाहेरचीच होती असंही नाही.

भारतात मेंढीच्या मेंदूच्या लशीचं उत्पादन थांबलं डिसेंबर २००४ मध्ये. रिव्हर्स यांच्या माकडांनंतर जवळपास सत्तर वर्षांनी.

मधल्या वीसेक वर्षांत दोन रांगा होत्या. पेशींवर वाढवलेली नवी लस मेडिकलच्या दुकानात मिळायची, पाच सुया, दंडावर, पण पैसे मोजून. जुनी लस सरकारी दवाखान्यात फुकट, पोटात. सरकारची अडचण खोटी नव्हती. दरवर्षी लाखो लोकांना कुत्री चावतात, एवढ्यांना महाग लस द्यायची तर तिजोरी लागते. फुकटची जुनी बंद करून नवी पुरवता आली नसती, तर लोक रेबीजनं मेले असते. २००३ च्या देशव्यापी पाहणीतला रेबीजच्या मृत्यूंचा अंदाजच वर्षाला वीस हजारांच्या घरात होता. तोडगा शेवटी निघाला तो काटकसरीचा. २००६ पासून नवी लस कातडीच्या थरात, अगदी थोड्या मात्रेत द्यायला परवानगी मिळाली आणि एका कुपीत जास्त माणसं भागू लागली.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट मला खटकते. ज्या शेतकऱ्याला, मेंढपाळाला, वीटभट्टीवरच्या मजुराला ती सुई दिली, त्याला कुणी सांगितलं का की हजारात एखाद्याचे पाय जाऊ शकतात, अमुक लक्षण दिसलं तर लगेच परत या? गावात एखादा लुळा पडला की लोक आपसात बोलायचे, "इंजेक्शननं झालं." त्याला अडाणीपणा म्हटलं गेलं. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेतल्या माकडांनी तेच सांगितलं, तेव्हा ते शास्त्र झालं.

आज, नगर रोडनं पुढं

आमच्या गावातून नगर रोडनं पुण्यात शिरून विद्यापीठाच्या आवारात गेलं की नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था लागते. १९८६ साली तिची सुरुवात झाली ती पेशी वाढवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्याच्या कामापासून. ज्या कामासाठी पूर्वी मेंढी कापावी लागायची, त्यातलं बरंचसं काम आज अशा पेशींवर होतं.

उंदीर मात्र अजून लागतात. याच संस्थेत डॉ. मोहन वाणी यांच्या गटानं उंदरांमध्ये संधिवात निर्माण करून त्यावर काम केलं. सांध्यातलं कोलॅजन हे प्रथिन टोचायचं आणि रक्षक पेशींना सांध्यांवर उठवायचं, ही पद्धत. म्हणजे रिव्हर्स यांचीच युक्ती, मेंदूच्या जागी सांधा. २०११ साली त्यांनी दाखवलं की इंटरल्युकिन-३ हे शरीरातलंच एक प्रथिन दिल्यावर त्या उंदरांचा संधिवात कमी होतो, कारण इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या टी पेशी त्यामुळं वाढतात. शरीरात उलटणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना समजावणाऱ्याही असतात, हे या संशोधनाचं मर्म. माणसाच्या औषधापर्यंतची वाट लांब आहे, आणि टीएनएफची गोष्ट आपण आत्ताच ऐकली.

शेवटी कामाचं बोलतो. आजच्या रेबीज लशीत मेंदू नाही, मायलिन नाही, पोटात सुई नाही, आणि चौदाही नाहीत. चार-पाच वेळा जायचं, सुई दंडावर. कुत्रं, मांजर, माकड, कोल्हं, काहीही चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा. मिरची नको, चुना नको. त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत सोडायचं वेगळं इंजेक्शनही मागा. सांगितलेल्या तारखा चुकवू नका, कुत्रं धडधाकट दिसत असलं तरी.

आणि घरातलं म्हातारं माणूस "नको ते चौदा इंजेक्शनं" म्हणालं, तर हसू नका. त्यांची भीती ज्या लशीची होती ती खरोखर तशीच होती. ती आता राहिली नाही, एवढं त्यांना शेजारी बसून सांगा.

हा भाग इथंच थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या भागात भेटू.